गिरणीच्या इंजिनाची बोट

माझ्या नवऱ्याला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं तो बोट दुरुस्त करणार आहे आणि ऐकणाऱ्याला उगाच वाटायचं की हा कोणी मोठा पाण्यातला माणूस असेल. व्यंकट गिरणीवाला. नवऱ्याचं नाव घेते म्हणून कोणाला खटकत असेल तर खटकू द्या. डिझेल इंजिनाचा नुसता आवाज ऐकून कुठला नट ढिला आहे ते तो सांगेल, पण पाणी गुडघ्याच्या वर आलं की याचं तोंड उतरतं. मी शिलाईकाम करते. मलाही पोहता येत नाही. आणि आम्हा दोघांना मिळून एक जूनच्या आत बोट पाण्यात घालायची होती.

आमचं गाव निंबाळवाडी. आधी ते खाली ओढ्याकाठी होतं. कारंजा धरणाचं पाणी चढलं तसं आम्ही माळावर येऊन राहिलो. आता दारात उभं राहिलं की समोर पाणीच पाणी, आणि पलीकडच्या काठावरून हळ्ळीखेडला जाणारी सडक. पाण्यावरून गेलं तर पाऊण तासात पलीकडं. जमिनीवरून जायचं तर वळसा घालून अठ्ठावीस किलोमीटर, आणि त्या वाटेवर बस नाही. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर पाणी ओलांडायचं, आणि ओलांडायचं ते काशाप्पाच्या काहिलीतून.

काहील म्हणजे गूळ करायची मोठी लोखंडी कढई. आमच्या कोरडवाहू मुलखात नावा कुठून येणार? धरण आलं तेव्हा लोकांनी गुऱ्हाळातली काहील उचलली, तिला भोवती लॉरीच्या ट्यूबा बांधल्या आणि पाण्यात सोडली. ती तरंगते, पण गोल असल्यामुळं जागच्या जागी गिरक्या घेते. तिला सरळ न्यायची हातोटी गावात एकट्या काशाप्पाला. मेंढपाळाच्या घरचा माणूस. धरणाआधी त्याची मेंढरं याच खोऱ्यात चरायची, त्यामुळं पाण्याखाली कुठं कोणाची भिंत आहे, कुठं बाभळीचं खोड आहे, सगळं त्याला पाठ. गावच्या नऊ पोरी तो रोज हायस्कुलात नेऊन आणायचा. त्यात माझी प्रेरणा आणि त्याची स्वतःची तुळजा. दोघी एका बाकावर बसायच्या.

दोन हजार दोनच्या ऑगस्टात पाण्याच्या ऐन मध्यावर वारं सुटलं आणि काहील कलंडली. काशाप्पानं आठ पोरींना ट्यूबांना लटकवून काठाला आणलं. नववी पोर तिसऱ्या दिवशी मिळाली. ती तुळजा.

त्यानंतर काशाप्पानं काहील काठावर पालथी घातली आणि घरात जाऊन बसला. आठ पोरींची शाळा त्या दिवशी सुटली ती सुटलीच. प्रेरणा घरात बसून वाचायची. नववीची परीक्षा तिला हेडमास्तरांच्या मेहरबानीनं देता आली, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की दहावीला अशी मेहरबानी चालणार नाही. एक जूनला वर्गात हजर राहायचं आणि पुढं रोज यायचं, नाहीतर नाव कमी.

इकडं पुण्याहून आमच्या राजपालचा निरोप आला. थोरला मुलगा तो. दोघं नवरा-बायको कामावर जातात, बाळ तीन महिन्यांचं. प्रेरणा घरीच बसलीय तर पाठवून द्या, बाळ सांभाळेल. दोन जूनला गावातली दोन बिऱ्हाडं पुण्याला निघणार होती, त्यांच्याबरोबर तिनं जायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे मीच ठरवलं. आणि ठरवलं त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना. कारण सातवी पास झाल्यावर मीही अशीच भावाचं बाळ सांभाळायला गेले होते, चार महिन्यांसाठी म्हणून. ते बाळ आता एका लेकराचा बाप आहे आणि माझी आठवीची पुस्तकं मला अजून उघडायची आहेत.

म्हणून व्यंकट मार्चमध्ये धरणाच्या कॉलनीतलं जनरेटर दुरुस्त करून आला आणि म्हणाला, "सुभद्रे, तिथं बाभळीत एक मोटारबोट पडलीय," तेव्हा मी हातातली शिलाई टाकून उठले.

बोट पाटबंधाऱ्याची होती. पाणी मोजायला आणलेली. दहा वर्षं वापर नाही. पत्र्याला तीन भोकं, आतली बाकं वाळवीनं खाल्लेली, इंजिन गंजून जाम आणि गिअरबॉक्स कोणीतरी केव्हाच काढून नेलेला. तिथले ज्युनियर इंजिनियर वीरण्णा साहेब. घरी कन्नड बोलणारा माणूस, पण आमची भाषा आमच्याइतकीच तोडून-मोडून बोलायचे. आम्ही दोघं त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिलो. साहेब बराच वेळ पोरींच्या शाळेचं, प्रेरणाच्या वयाचं विचारत राहिले, मग म्हणाले, "जूनमदी भंगारवाला येतोय, त्याच्या यादीत हाय ही. तीस मेला मी सोता येतो. आठ माणसाचं वजन घालून पलीकडं जायाचं आन् परत यायाचं. झालं तर गावाला लिहून देतो. न्हाई झालं तर भंगार. आय्तु?"

"आय्तु," व्यंकट म्हणाला. आय्तु म्हणजे झालं. काहीही झालेलं नव्हतं.

बैलगाडीवर घालून बोट गावात आणली आणि आमच्या गिरणीपुढं उभी केली. व्यंकटनं आठ दिवस त्या जाम इंजिनाशी झोंबी घेतली. रॉकेल ओतलं, घण घातला, शिव्या घातल्या. एके दिवशी दुपारी तो आत आला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

"मेलंय ते," म्हणाला.

"मग आता?"

तो गिरणीत कोपऱ्यात त्याचं स्वतःचं इंजिन होतं तिकडं बघत राहिला. आठ हॉर्सपॉवरचं, काळं, दोन्ही बाजूंना जाडजूड चाकं. लग्नाआधीपासूनचं. गिरणीला आता विजेची मोटार बसवली होती, पण वीज दिवसाचे सहा तास येते आणि बाकीच्या वेळी गिरणी चालायची ती याच इंजिनावर. त्याच्यामागच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. व्यंकट कधी फोटोकडं बघायचा, कधी इंजिनाकडं. मला त्याची दया आली आणि रागही आला.

"अवो, काडा की ते," मी म्हटलं. "लोक रात्री दळून नेतील, लाईट आल्यावर. माझ्या पोरीला रात्रीची शाळा हाय का कुठं?"

त्यानं इंजिन काढलं. चौघांनी बांबूला अडकवून ते बोटीत उतरवलं. खाली बाभळीच्या जाड फळ्या, त्यावर इंजिन, आणि गिअरबॉक्स नाही म्हणून गिरणीतलाच कॅनव्हासचा पट्टा. इंजिनाच्या चाकावरून तो पट्टा खालच्या दांड्याच्या चाकावर, आणि दांड्याच्या टोकाला पाण्यातला पंखा. गिरणीचं जातं जसं फिरतं तसाच पंखा फिरेल असा त्याचा हिशेब. भोकांना पत्र्याचे तुकडे रिबिट मारून बसवले आणि वरून डांबर ओतलं.

आतलं काम माझं. बाकं नव्यानं करून घेतली, सगळी समोर तोंड करून, जीपमध्ये असतात तशी. हुमनाबादच्या एका कुशनवाल्याकडून लाल रेक्झिनचे तुकडे आणले. व्यंकट म्हणाला आत काथ्या भर, मऊ बसेल. मी म्हटलं, मऊ बसायला त्या काय वरातीला चालल्यात? आमच्याकडं विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला रिकामा डबा बांधतात. मी गावभर फिरून गोडेतेलाचे रिकामे पाच लिटरचे कॅन गोळा केले, बुचं मेणानं बंद केली आणि प्रत्येक बैठकीत दोन दोन कॅन घालून वरून रेक्झिन शिवलं. बैठक बाकाला खिळ्यानं न ठोकता नुसती बसवली आणि दोन्ही बाजूंना धरायला सुतळीच्या मुठी केल्या. बोट बुडाली तर बुडू दे, पोरीच्या हातात काहीतरी राहील. शिवताना बोटं सोलून निघाली, पण कित्येक महिन्यांनी तेव्हा मला झोप लागली.

बैठका मी नऊ केल्या. व्यंकटनं मोजल्या आणि म्हणाला, "पोरी आठ हायत." मी दोरा तोडला आणि नववी बैठक बाकावर ठेवली. त्यानं परत विचारलं नाही.

सव्वीस मेला बोट पाण्यात उतरवली. सारं गाव काठावर. व्यंकटनं हँडल मारलं, इंजिनानं काळा धूर टाकला आणि ओळखीच्या आवाजात धडधडायला लागलं. मला तर गिरणीतच उभी असल्यासारखं वाटलं. पाण्यातला पंखा फिरला, पाणी उसळलं, आणि बोट मागं आली. पुढं जायचं सोडून सरळ मागं, आणि काठावरच्या चिखलात रुतली.

लोक हसले. एवढं हसले की दोघं-तिघं खाली बसले. गिरणीत इंजिन ज्या बाजूनं फिरायचं त्या बाजूनंच ते इथंही फिरत होतं, आणि पंख्याला ते उलटं पडत होतं. तीस वर्षं चाकं फिरवणाऱ्या माणसाला पंख्याला सुलटं-उलटं असतं हे सुचलं नव्हतं, कारण पंखा त्यानं जन्मात पाहिला तो छताला टांगलेला. मीसुद्धा हसले असते. पण प्रेरणा माझ्या शेजारी उभी होती, आणि ती हसत नव्हती.

गिरणीवाल्याकडं याला उपाय असतो. पट्टा सरळ टाकला तर दोन्ही चाकं एकाच दिशेनं फिरतात. पट्ट्याला मधे एक पीळ दिला की दुसरं चाक उलटं फिरतं. व्यंकटनं पट्ट्याला तुकडा जोडून लांबी वाढवली आणि पीळ टाकला. सत्तावीसला बोट पुढं गेली. दोनशे हात गेली आणि पाण्याखालच्या कुठल्यातरी खोडाला धडकली. पंखा थोडक्यात वाचला. व्यंकट काठाला आला आणि बोटीची कड धरून उभा राहिला.

"मला खालचं काय दिसत न्हाई," तो म्हणाला. "ते एकट्या काशाप्पाअण्णाला दिसतंय."

संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. काशाप्पाची बायको जगदेवी दारात निवडण टिपत होती. तिनं आम्हाला बसायला घोंगडं टाकलं. काशाप्पा आत अंधारात बसलेला. दाढी वाढलेली. दहा महिन्यांत माणूस अर्धा झाला होता.

"अण्णा," व्यंकट म्हणाला, "तीस तारखेला बोट पलीकडं न्यायचीय. साहेब येणार हाय. तुमी वाट दावा. पोरी न्हाईत बोटीत, नुसती जवारीची पोती घालणार हाव वजनाला."

काशाप्पा मग म्हणाला, "पोती नेतो. पोरी नेणार न्हाई."

"आन् एक जूनला?" मी विचारलं. मला राहवलं नाही. "कामून नेणार न्हाई अण्णा? तुमच्याबिगर कोण न्हेईल?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "पोरी मागं बसत्यात. म्या फुडं तोंड करून वल्हं मारतो. ती कवा पडली मला दिसलंच न्हाई, सुभद्राबाई. हातभर अंतरावर माझं लेकरू पाण्यात गेलं आन् म्या फुडं बघायलो. फुडं बघू का मागं बघू? तुमीच सांगा."

 काय सांगणार होते? ज्याची पोर गेली त्याला माझी पोर ने म्हणायला मी आले होते, आणि माझी मलाच लाज वाटली. पण लाज वाटली तरी मी उठले नाही. जगदेवीनंच शेवटी आतून चहा आणला आणि म्हणाली, "पोती तर ने म्हणतोय. आजच्याला तेवढंच असू द्या, सुभद्राबाई."

घरी आल्यावर पाहिलं तर प्रेरणानं पुण्याची पिशवी भरून ठेवली होती. दोन फ्रॉक, एक ओढणी, कंगवा. दप्तर खुंटीला तसंच. मी विचारलं, "ही आत्ताच कामून भरायलीस?"

"मग कवा भरू?" ती म्हणाली. "बोट खोडाला धडकायलीय, काशाप्पामामा काय येणार न्हाई. माय, मला पाण्याचं भ्या वाटतंय. रोज सपनात वाटतंय. पर मला शाळंला जायचंय."

तीस मेला वीरण्णा साहेब जीपनं आले. बोट पाहून एकदम म्हणाले, "एन्री, हे काय? बसमदलं शीट!" मग बैठक दाबून बघितली, आतून कॅनचा आवाज आला, तसं माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं आत काय आहे ते. साहेबांनी ती बैठक उचलून परत जागेवर ठेवली, अगदी अलगद.

बाकांवर ज्वारीची आठ पोती बसवली. नववी बैठक रिकामी. तिच्यावर कोणी पोतं ठेवलं नाही, आणि सांगावंही लागलं नाही. व्यंकट इंजिनापाशी, साहेब त्याच्या शेजारी, मी पोत्यांच्या मधे. मला कोणी ये म्हटलं नव्हतं. पण माझ्या शिवणीची परीक्षा होती आणि मी काठावर उभी राहणार नव्हते. काशाप्पा आला. खांद्यावर काहिलीचं लांब वल्हं. तो पुढच्या टोकाला जाऊन उभा राहिला, आमच्याकडं पाठ करून.

अर्ध्या वाटेपर्यंत सगळं नीट चाललं. काशाप्पा हात डावीकडं करायचा, व्यंकट सुकाणू वळवायचा. साहेबांनी घड्याळही पाहिलं. मग जुन्या गावठाणावर आलो, जिथं पाणी सगळ्यात खोल आहे, तिथं वाऱ्यानं लाटा उठल्या आणि पाणी आत उडायला लागलं. पट्टा भिजला. भिजलेला पट्टा घसरतो. इंजिन धडधडतंय आणि पंखा फिरत नाही. व्यंकटनं राळेचा खडा काढून पट्ट्यावर घासला, गिरणीत घासतात तसा. थोडं पकडलं, परत घसरलं. परत घासला. पीळ दिल्यानं पट्ट्याच्या दोन बाजू एकमेकीवर घासत होत्या, आणि एकदम काडकन आवाज आला. पट्टा जोडावर फाटला आणि त्याचं टोक व्यंकटच्या गालावर बसलं.

बोट आडवी झाली. लाट बाजूनं आली आणि घोट्याएवढं पाणी आत. मी मुठी घट्ट धरून बसले. मला तेव्हा बुडायची भीती वाटली नाही, खरं सांगते. मला खुंटीवरचं दप्तर दिसत होतं. झालं, संपलं, दोन तारखेला जाणार माझी पोरगी, एवढंच डोक्यात.

व्यंकटनं गालावरचं रक्त पुसलं. पट्ट्याचा फाटका तुकडा कापून टाकला आणि चामड्याच्या वादीनं टोकं परत शिवायला लागला.  दाभण मी घेतलं आणि मी शिवलं; शिवण माझं काम आहे. पट्टा तयार झाला तेव्हा तो चाकावर टाकून व्यंकटनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"आखूड झाला," म्हणाला. "पीळ बसत न्हाई. सरळच टाकावा लागतोय."

"म्हंजे?" साहेबांनी विचारलं.

"म्हंजे बोट उलटी जाणार, साहेब."

 बोट वाऱ्यानं हळूहळू बाभळीच्या खोडांकडं चालली होती. तेव्हा पुढच्या टोकावरून काशाप्पाचा आवाज आला. दहा महिन्यांत मी तो एवढा मोठा ऐकला नव्हता.

"मग उलटी जाऊ दे की! वळवून घ्या, मागचं तोंड पलीकडं करा. सुकाणू बांधून टाक, व्यंकट. म्या हितून वल्ह्यानं वळवतो. दोन पोती उचलून माझ्याकडं टाका, मागचा भाग उचलला पायजे!"

आम्ही पोती टाकली. काशाप्पानं वल्हं पाण्यात खुपसून बोट गरकन फिरवली, काहील फिरवावी तशी. व्यंकटनं हँडल मारलं. आणि बोट निघाली, ढुंगण पुढं करून. काशाप्पा आता सगळ्यांच्या मागं होता. पलीकडचा काठ बघायला तो वळला, आणि त्याचं तोंड आमच्याकडं झालं. पोती, मी, साहेब, व्यंकट, सगळे त्याच्या समोर, आणि आमच्या पलीकडं काठ. वल्हं मारता मारता तो थबकला. पोत्यांकडं बघत राहिला. मग परत वल्हं चालू.

पलीकडं लागलो. कोणीच उतरलं नाही. तशीच वळवली आणि तशीच, उलटीच, परत आलो. येताना आमच्या काठावरचं एकही माणूस हसलं नाही.

वीरण्णा साहेब उतरले. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. व्यंकट हात जोडून म्हणाला, "साहेब, हुमनाबादहून लांब पट्टा आणून दोन दिसात बोट सरळ करतो. एक संधी द्या."

साहेबांनी बोटीकडं पाहिलं, मग वहीत लिहायला लागले. "मी काय बोललो होतो? आठ माणसाचं वजन, पलीकडं आन् परत. तोंड कुठं करून जायाचं ते बोललो होतो का?" सही करून कागद माझ्या हातात दिला. व्यंकटच्या नाही, माझ्या.

मी तो कागद धरून रडले. पण पोती गेली होती. पोरींचं काय? काशाप्पा बोटीतच बसून होता. मी जवळ गेले.

त्यानंच विचारलं, "पोरी माझ्याकडंच तोंड करून बसणार ना? बाकं अशीच?"

"अशीच, अण्णा."

"ह्या पोत्यांतलं एकबी माझ्या नजरंआड न्हवतं," तो म्हणाला आणि उठून घरी गेला. मला कळलं नाही, हो म्हणाला की नाही.

एक जूनच्या सकाळी मी प्रेरणाची वेणी घातली आणि दोन्ही पिशव्या दारात ठेवल्या, दप्तर आणि पुण्याची. खाली काठावर आलो तर काशाप्पा बोटीत उभा होता. दाढी केलेली. रिकाम्या नवव्या बैठकीवर त्यानं आपलं घोंगडं घडी करून ठेवलं होतं. आठ पोरी एकेक करून बसल्या आणि तो प्रत्येकीचा हात मुठीवर नेऊन घट्ट करत गेला. प्रेरणा घोंगड्याशेजारी बसली.

व्यंकटनं हँडल मारलं. बोट उलटी निघाली, त्यामुळं पोरींची तोंडं आमच्याकडं. पाठमोरी गेली असती तर मी लवकर घरी वळले असते कदाचित. पण प्रेरणा माझ्याकडं बघत बघत लहान होत गेली आणि मला हलता येईना. जगदेवी माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझं मनगट धरलं होतं. पलीकडं इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं तेव्हा तिनं ते सोडलं. तिच्या पाचही बोटांचे वळ उठले होते.

त्या दिवशी संध्याकाळी व्यंकट खुशीत होता. गालाला पट्टी. जेवताना म्हणाला, "येत्या बाजारी लांब पट्टा आणतो. राळ लावून, वरून पत्र्याचं झाकण केलं तर भिजणार न्हाई. मग बोट सरळ जाईल, लोक हसणार न्हाईत. काशाप्पाअण्णाला बोललो मी."

"काय म्हणाले?"

"म्हणले, बोट सरळ केलीस तर दुसरा माणूस बघ." व्यंकट भाकरी मोडत राहिला. "असं कामून म्हणले काय की."

मी प्रेरणाकडं पाहिलं. ती कोपऱ्यात दप्तर उघडून बसली होती, नव्या पुस्तकांना कागद घालत.

"का गं," मी विचारलं, "मामा वाटंत काय करत असतो?"

"काय करत न्हाई," ती म्हणाली. "वल्हं मारतोय आन् आमाला मोजतोय. आठपर्यंत मोजतोय, मग घोंगड्याकडं बघतोय, मग परत एकपासून. काठ येईपर्यंत."